हणमंतसाठी परका माणूस

"पेशंट कोण?" मी विचारलं.

समोर सात जण होते. माझ्याकडे खुर्च्या चारच. त्यामुळे चौघे बसले होते आणि तिघे भिंतीला टेकून उभे होते. सातही जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पेशंट घरी हाय," मधल्या खुर्चीतले पांढऱ्या टोपीचे गृहस्थ म्हणाले. "आमी आदी बघाय आलोय."

म्हणजे मला बघायला. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर पुन्हा मला कुणी बघायला येईल असं वाटलं नव्हतं. मी पदर नाही, पण ओढणी तरी सारखी केली.

मी सांगलीत समुपदेशक आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण मी औषधं देत नाही. गोळ्या देतात ते सायकियाट्रिस्ट. मी सायकॉलॉजिस्ट. माझं काम माणसाला बोलतं करायचं आणि तो बोलायला लागला की आपण गप्प बसायचं. दुसरं काम जास्त अवघड असतं. माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली दाताचा दवाखाना आहे. ही सोय मी मुद्दाम केलेली नाही, पण तिचा फायदा फार झाला. माझे निम्मे पेशंट गाल धरून जिना चढतात. रस्त्यावर कुणी ओळखीचं भेटलं, तर दाढ दुखतेय म्हणून सांगता येतं. गावाला दाढेचं दुखणं चालतं.

ही मंडळी आटपाडीकडची होती. पेशंटचं नाव हणमंत, वय चव्वेचाळीस. तो गलाईवाला. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातली धूळ वगैरे वितळवून त्यातून शुद्ध सोनं-चांदी काढायची, याला गलाई म्हणतात. आमच्या पूर्व भागातली माणसं हा धंदा घेऊन देशभर गेलेली आहेत. हणमंत बावीस वर्षं तमिळनाडूत सेलमला होता. आठ महिन्यांपूर्वी दुकान पुतण्यावर सोपवून गावी आला आणि आडवा झाला. अंघोळ नाही, जेवणावर वासना नाही, कुणाशी बोलणं नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. आमच्या भाषेत ही डिप्रेशनची सगळी लक्षणं. मंडळींच्या भाषेत त्याला वेगवेगळी कारणं होती. थोरले भाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या मते हा ॲसिडच्या वाफेचा परिणाम होता. भिंतीला टेकलेल्या एका जावयाच्या मते मोबाइलचा. एकाला करणीचा संशय होता, पण मी शिकलेली दिसल्यामुळे त्याने तो हळू आवाजात सांगितला.

सातव्या होत्या हणमंतच्या पत्नी, सुनंदा. त्या दाराजवळ उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना कुणी काही विचारलं नाही. न विचारणाऱ्यांत मीही होते.

पांढरी टोपी म्हणजे हणमंतचे मामा, भगवानमामा. बोलणी त्यांच्याकडे होती. त्यांनी माझी डिग्री विचारली नाही. अनुभव विचारला नाही. विचारलं ते हे: "मूळ गाव कंचं तुमचं?"

मी म्हटलं, सासर सांगलीच.

"आन् म्हायेर?"

कवठे महांकाळ, असं सांगून मी फसले. मामांनी डोळे मिटले. मग आईचं माहेर, मावशा किती, कोण कुठे दिलेली, अशी उलटतपासणी सुरू झाली. सहा-सात मिनिटांत निकाल लागला. माझ्या आईच्या मावसबहिणीची नणंद यांच्या चुलत्याच्या घरात दिलेली होती. ती वारूनही बरीच वर्षं झाली होती, पण त्याने काही बिघडत नव्हतं.

"म्हंजी घरचीच की रं पोरगी," मामा अण्णांकडे वळून म्हणाले. सगळ्या खोलीने सुटकेचा निःश्वास सोडला. मी मॅडमची पोरगी झाले आणि तुमीची तू झाले. हणमंतसाठी स्थळ पसंत पडलं होतं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कामात एक नियम असतो: नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाला थेरपी द्यायची नाही. कारण साधं आहे. माणूस घरच्यांबद्दल बोलायला आलेला असतो, आणि समोर घरचंच कुणी असेल तर बोलणार काय. हा नियम ज्यांनी लिहिला ते सांगली-साताऱ्याकडे कधी फिरकलेले नसावेत. इथे पाच मिनिटं बोललं की पावणं, म्हणजे काहीतरी नातं, निघतं. नियम तंतोतंत पाळायचा तर मला दुसऱ्या राज्यात दवाखाना काढावा लागेल. म्हणून एवढं लांबचं नातं मी धरत नाही. त्या दिवशीही धरलं नाही. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. एका घराचा विश्वास बसला की त्या भागातून आणखी दहा घरं येतात, हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही असं मी म्हणणार नाही.

पुढच्या आठवड्यात हणमंत आला. उंच, हाडापेराने मोठा माणूस, पण खुर्चीत असा बसला की जागा कमी लागावी. पहिला तास तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. हाताच्या कातडीवर ॲसिडचे जुने डाग होते. मी विचारायचे, तो "बरं हाय" म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यात "बरं हाय", तिसऱ्यात "बरं हाय". घरून मात्र मामांचा रोज फोन. आज काय बोलला? काय कारण निघालं? मी सांगायचे, मामा, पेशंटचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. मामा म्हणायचे, "भायेर कुठं? तू घरची, मी घरचा."

मग माझ्याकडून चूक झाली. मामांच्या नातवाचं जावळ होतं. मामांनी स्वतः येऊन आमंत्रण दिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण आमच्याकडे जावळाच्या जेवणाला नाही म्हणणं म्हणजे पुढच्या तीन पिढ्यांचा रुसवा, आणि त्या दिवशी मला आटपाडीतल्या एका शाळेत कार्यक्रमही होता. म्हटलं, दोन घास खाऊन निघू.

मांडवात दोनशे माणूस होतं. मटणाचा रस्सा ताटात पडला आणि मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून आजूबाजूच्या पंगतींना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही आपली पावनी. हणमंताच्या डोक्याची डॉक्टर."

मी वर पाहिलं. हणमंत वाढप करत होता. हातात रश्श्याची बादली होती. महिन्याभरात पहिल्यांदा त्याने दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. तो बादली खाली ठेवून घराकडे गेला. वीस वर्षं मी पेशंटच्या फायली कुलपात ठेवते, रस्त्यात पेशंट दिसला तर तो ओळख दाखवेपर्यंत मीही दाखवत नाही, आणि इथे दोनशे माणसांसमोर मीच त्याचा केसपेपर होऊन पंगतीला बसले होते.

पुढचे दोन आठवडे तो आला नाही. फोन उचलला नाही. मामांचे फोन मात्र चालू होते. तिसऱ्या आठवड्यात सुनंदाबाईंचा फोन आला, पहिल्यांदाच. म्हणाल्या, "मी घिऊन येती त्यांना." एवढंच म्हणून ठेवून दिला.

तो आला तेव्हा मी आधी माफी मागितली. त्याने मान हलवली. मग मी सरळ विचारलं, जगू नये असं मनात येतं का. हे विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसेल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

हणमंतने हातावरचा ॲसिडचा डाग अंगठ्याने घासला. मग म्हणाला, "रातच्याला झोपलं की सकाळ व्हऊच ने वाटतंय. आता जरा जास्तच वाटाय लागलंय."

आतापर्यंत या गोष्टीत हसण्यासारखं बरंच होतं. त्या क्षणी मात्र मला भीती वाटली. आणि लाजही वाटली. या 'जास्त'मध्ये माझ्या जावळाच्या जेवणाचा वाटा होता.

अशा वेळी गुप्ततेचा नियम बाजूला ठेवायचा असतो. जीव आधी. मी त्याला सांगून, त्याच्यासमोरच सुनंदाबाईंना आत बोलावलं. त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीच्या औषधांची खोली कुलूपबंद ठेवायची, किल्ली त्यांच्याकडे, काहीही वाटलं तर कुठल्याही वेळी मला फोन. त्याच दिवशी मिरजेला एका सायकियाट्रिस्टकडे मी स्वतः घेऊन गेले आणि गोळ्या सुरू झाल्या. पण गोळीने झोप येते, भूक येते. मनात जे अडकलंय ते बोलल्याशिवाय निघत नाही. आणि ते माझ्याकडे निघणार नव्हतं, हे हणमंतनेच मला समजावलं.

"मॅडम, तुमच्याव माझा भरवसा हाय," तो म्हणाला. "तुमी कुनाला सांगनार न्हाई. पर मामा इचारत्याल, तुमी गप बसशीला, आन् तुमी किती येळ गप बसला त्यावरनं मामा वळखत्याल."

इतकं अचूक निदान मला कुठल्याही वर्कशॉपमध्ये ऐकायला मिळालेलं नाही. त्याला परका माणूस हवा होता. आमच्या धंद्यात याला रेफरल म्हणतात. पेशंट आपल्याला जमत नसेल तर जमेल त्याच्याकडे पाठवायचा.

मी साताऱ्याच्या माधवकडे पाठवायचं ठरवलं. माधव माझा जुना सहकारी, कामाला उत्तम. सातारा आटपाडीपासून चांगलं लांब, माधवचं मूळ कोकणातलं. मला वाटलं, इथे पावणं निघायची शक्यता नाही. मी अण्णांना फक्त एवढंच सांगितलं की दर गुरुवारी साताऱ्याला न्यावं लागेल.

तीन दिवसांनी माधवचा फोन आला. "अगं, मला डाळिंबाची पेटी आलीय."

झालं असं की अण्णांनी दोन दिवस फोन फिरवले. माधवचे सासरे फौजेत होते. आटपाडीकडचे एक सुभेदार त्यांच्याच पलटणीतले निघाले. सुभेदारांनी सासऱ्यांना फोन केला, सासऱ्यांनी माधवला. हणमंत साताऱ्यात पोचायच्या आधी डाळिंबं पोचली, आणि सोबत निरोप: आपलाच माणूस आहे, नीट बघा, काय बोलतो ते कळवत जा. अण्णांचा यात काही वाईट हेतू नव्हता. भावासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. आयुष्यभर त्यांनी तलाठी, डॉक्टर, हेडमास्तर असाच गाठला होता. ओळख काढल्याशिवाय काम नीट होत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. ओळख नसणं हेच जिथे औषध आहे, असं काम त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आलं होतं.

माधवने पहिलं सेशन घेतलं. हणमंतने खुर्चीत बसून एकच प्रश्न विचारला, "तुमी बी आमच्यातलंच का?" आणि मग "बरं हाय."

पुढच्या महिन्यात तो मिरजेहून गोळ्या घेऊन परतताना माझ्याकडे डोकावला. मी त्याची थेरपिस्ट राहिले नव्हते, पण चौकशी ठेवली होती. आम्ही बोलत असताना त्याचा फोन वाजला. सेलमहून होता. तिकडचं दुकान ज्यांच्या जागेत होतं ते घरमालक, म्हातारे गृहस्थ. हणमंत उठून खिडकीशी गेला आणि तमिळ बोलायला लागला.

मी बघतच राहिले. माणूस सरळ झाला. हात हलायला लागले. आवाज पोटातून आला. मध्येच तो काहीतरी रागाने बोलला, मग गप्प ऐकत राहिला, मग त्याचे डोळे भरले. ते त्याने माझ्यासमोर पुसले, कारण मला काही कळत नाही याची त्याला खात्री होती. चार महिन्यांत माझ्या खोलीत तो एवढी वाक्यं बोलला नव्हता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "तमिळ बोलणारा डॉक्टर मिळाला तर?"

त्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "त्यो आपल्यातला नसंल?"

"नसेल," मी म्हटलं. "याची गॅरंटी देते."

मी आमच्या व्यावसायिक ग्रुपवर मेसेज टाकला. दोन दिवसांत चेन्नईचे एक थेरपिस्ट मिळाले, कार्तिकेयन. वयाने पन्नाशीचे, व्हिडिओ कॉलवर काम करणारे. अडचण एकच होती. हणमंतच्या घरात रेंज नव्हती. रेंज होती फक्त अंगणात, कडुनिंबाच्या पारावर. आणि पारावर मामा, अण्णा, जावई, शेजारी अशी सगळी मंडळी कायम बसलेली असायची. कुठल्याही पुस्तकात असं लिहिलेलं नाही की पेशंटचं सेशन सगळ्या भावकीच्या मध्यभागी घ्यावं. पण भावकीला तमिळ कळत नाही, एवढा एक दरवाजा आम्हाला होता आणि तो आतून बंद होत होता.

मामांची परवानगी घ्यायला मला फोन करावा लागला. मामांनी विचारलं, "डॉक्टर कुठलं म्हनं?"

"चेन्नईचे."

"मूळ गाव?"

मी म्हटलं, तंजावरकडचे. मामांनी डोळे मिटले असणार, कारण फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. शेवटी म्हणाले, "तिकडं आपलं कुनी न्हाई गं पोरी." आवाजात खरं दुःख होतं. मामांना कुठल्याही माणसात पावणं सापडलं नाही, असं बहुधा पहिल्यांदाच झालं.

दर गुरुवारी सकाळी दहाला सेशन सुरू झालं. त्याचा अहवाल मला कार्तिकेयनकडून नाही, मामांकडून मिळायचा. कार्तिकेयन फक्त धोका वाढला किंवा कमी झाला एवढंच कळवायचे, आणि तेच बरोबर. मामा मात्र सविस्तर सांगायचे. आज पन्नास मिनिटं बोलला. आज लय रडला. आज एकदा हसला, आम्हीही हसलो. शब्द कळत नसल्यामुळे मामा आणि अण्णा त्याचा चेहरा बघत बसायचे. मला वाटतं, बावीस वर्षांत त्यांनी त्याच्याकडे इतका वेळ पहिल्यांदाच पाहिलं असेल. एकदा मामा म्हणाले, "त्यो इतकं रडंल असं वाटलं न्हवतं. आमी आपलं ॲसिड ॲसिड करत बसलो."

चार महिन्यांनी हणमंत रात्रभर झोपायला लागला. सहाव्या महिन्यात पाहुण्याच्या लग्नात पुन्हा वाढप केलं. कार्तिकेयननी कळवलं, धोका टळलेला आहे, सेशन आता पंधरा दिवसांतून एकदा. त्याच्या मनात काय होतं, ते मला आजही माहीत नाही. विचारलेलंही नाही.

मागच्या महिन्यात दोघं नवरा-बायको मिरजेला फॉलोअपला आले होते. येताना सांगलीत उतरले. हणमंतची दाढ खरोखरच दुखत होती. तो खाली दातांच्या डॉक्टरकडे बसला आणि सुनंदाबाई वर आल्या. मी चहा मागवला. गप्पांच्या ओघात मी सहज म्हटलं, "दर गुरुवारी नवरा तास-तासभर बोलतोय आणि आपल्याला एक शब्द कळत नाही, जिवाला हुरहुर लागत असेल ना?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मला कळतंय की मॅडम. मी अकरा वर्सं हुती सेलमला. दुकानावरच्या माळ्यावर ऱ्हात हुतो. शेजारनींसंगं तमिळच बोलायची मी."

मी विचारलं, "मग तुम्ही ऐकता?"

"न्हाई. त्यांचा फोन जुळला की मी शेरडं सोडती आन् माळाव जाती. त्यांचा आवाज यीना अशा अंगाला. तास झाला की म्हागारी."

"आणि घरच्यांना माहीत नाही तुम्हाला येतं ते?"

"मामा आले हुते की इचाराय. तू तिकडं ऱ्हायलीस, तुला कळत आसंल, आमाला जरा सांगत जा म्हनले. मी म्हनलं, मला निस्तं भाजीपाल्याचं कळतंय, बाकीचं कुठलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आमच्या ह्यांना मातुर ठावं हाय मला कळतंय ते. म्हनून शेरडं सुटल्याबिगर त्ये फोन लावत न्हाईत."

मी चहाचा कप तसाच हातात धरून बसले. रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

गुप्ततेवर मी आजवर बारा वर्कशॉप घेतली आहेत. प्रत्येक वर्कशॉपच्या शेवटी सर्टिफिकेट देतो. या बाईने बिनसर्टिफिकेटची, दर गुरुवारी, उन्हात उभं राहून ती पाळली होती. आणि मी पहिल्या दिवशी केसपेपरवर 'माहिती देणार' या रकान्यात अण्णांचं नाव लिहिलं होतं. सहा पुरुषांचं म्हणणं दोन पानं भरून लिहून घेतलं होतं. दाराशी उभ्या असलेल्या बाईला, तुम्ही कुठे राहत होता, हा साधा प्रश्नसुद्धा विचारला नव्हता. विचारला असता तर नवरा गप्प का आहे आणि कुणासमोर बोलेल, हे दोन्ही मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. जावळाचं जेवण टळलं असतं, डाळिंबाची पेटी टळली असती, आणि हणमंतचे ते वाईट आठवडेही कदाचित टळले असते.

आता असं सात जणांचं शिष्टमंडळ आलं की मी सहा जणांना खाली चहाला पाठवते आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईला आधी आत घेते. बहुतेक वेळा ती म्हणते, "मला काय इचारताय, त्यांस्नीच इचारा." मग मी पेन बंद करून ठेवते आणि थांबते. मूळ गाव मात्र विचारत नाही.